अर्धवट पद्मिनी रस्त्यावर: सत्तर हजारांचं एक प्रकरण

नोव्हेंबर २०२३. भाच्यानं फोनवर फोटो पाठवला. पत्र्याच्या शेडमध्ये विटांवर चढवलेली, करड्या प्रायमरमधली प्रीमियर पद्मिनी. बॉनेट उघडं, आत लाल ऑइल पेंट मारलेलं चकचकीत इंजिन, मागे काचा नाहीत, सीट नाही, डॅशबोर्डातून वायरींचा झुपका लोंबतोय. खाली एक ओळ: ‘मामा, इंजिन नवीन बांधलंय. अठ्ठेचाळीस हजारांत देतोय. घेऊ का?’

मी उलट लिहिलं, ‘ब्रेकचं विचार.’

लगेच फोन आला. ‘मामा, गाडी जागची हलत नाही. ब्रेकचं काय विचारू?’

पुढचे सगळे महिने आम्ही याच एका मुद्द्यावर घालवले. भाचा साताऱ्यात नोकरी करतो, पगार बेताचा. मी एसटीच्या कार्यशाळेत एकतीस वर्षं काढलेला माणूस. माझी सगळी हयात डिझेलवर गेली, हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे तेच नडलं.

त्याच्याकडे गाडीच्या किमतीशिवाय सत्तर हजार होते आणि ते संपल्यावर महिन्याला फार तर पाच हजार टाकता आले असते. गाडी पूर्ण करायला एवढ्यात जमणार नव्हतं. नुसत्या बॉडीचं काम नीट, लांबी (पुट्टी) न थापता, सडका पत्रा कापून करायचं म्हटलं तर एका गॅरेजनं दीड लाख सांगितले होते. मग दोनच वाटा उरल्या. पैसे जमतील तसं शेडमध्ये एकेक काम उरकत बसायचं आणि चार-पाच वर्षांनी गाडी बाहेर काढायची. नाहीतर जेवढी आहे तेवढी सुरक्षित करून रस्त्यावर आणायची आणि चालवत चालवत पूर्ण करायची.

मी दुसऱ्या वाटेचा. माझ्या ओळखीत चार जणांनी जुन्या गाड्या हौसेनं खोलल्या. चारही आजतागायत खोललेल्याच आहेत. खोललेल्या गाडीचे नटबोल्ट डब्यांत जातात, डबे माळ्यावर जातात, मधे घरात एखादं लग्न निघतं, आणि मग ओएलएक्सवर ‘इंजिन नवीन, थोडं काम बाकी’ अशी जाहिरात लागते. भाच्याला ही गाडी मिळाली तीसुद्धा अशाच एका माणसाकडून.

किमतीबद्दल थोडं. मुंबईतली शेवटची नोंदणी झालेली पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ची. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळे २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ही काळी-पिवळी मुंबईच्या रस्त्यावरून गेली. वर्तमानपत्रांत पानंच्या पानं आली, लोक हळवे झाले आणि शेडमध्ये गंजत पडलेल्या गाड्यांचे भाव रातोरात चढले. आठ दिवस आधी घेतली असती तर चाळीसला मिळाली असती, असं मला आजही वाटतं.

पण टॅक्सी गेल्याचा खरा फटका वेगळाच आहे. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी केली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी गोल नाकाची, लोक जिला ‘डुक्कर फियाट’ म्हणायचे ती निघाली, १९६४ मध्ये अकराशे डिलाइट आली, आणि १९७४ पासून त्याच गाडीला पद्मिनी म्हणू लागले. म्हणजे सांगाडा जवळपास तोच राहिला आणि तो इतकी दशकं मुंबईची टॅक्सी म्हणून धावला. त्यामुळे सुटे भाग ढिगानं आणि स्वस्त मिळायचे. टॅक्सीवाल्याला पार्ट आज हवा असतो, उद्या नाही. तो गिऱ्हाईकच गेल्यावर दुकानदार माल कशाला भरेल? २०२३ नंतर पद्मिनी बाळगणाऱ्यानं हे हिशेबात धरलं पाहिजे.

गाडी १९८६ ची. १०८९ सीसीचं चार सिलिंडर इंजिन, चाळीस हॉर्सपॉवर, चार गियर आणि गियरचा दांडा स्टेअरिंगच्या खांबावर. चारही चाकांना ड्रम ब्रेक, पायाचा जोर वाढवणारा बूस्टर नाही, आणि ब्रेक ऑइलची लाइन सगळ्या चाकांना मिळून एकच. हे शेवटचं वाक्य नीट वाचा. आजच्या गाडीत दोन वेगळ्या लाइनी असतात. एक फुटली तर दुसरीवर गाडी थांबते. इथे एका चाकाचं दहा रुपयांचं वॉशर फाटलं की पायडल थेट फ्लोअरला.

कामांचा क्रम

वहीच्या पहिल्या पानावर मी त्याला लिहून दिलं: थांबली पाहिजे, वळली पाहिजे, पेटता कामा नये, लोकांना दिसली पाहिजे. पळायचं आणि सजायचं त्याच्या मागून. पहिल्या चारांत न बसणाऱ्या कशावरही त्या सत्तर हजारांतला रुपया जाणार नाही, असं ठरलं. भाच्याला क्रोमचे बंपर हवे होते. आधीच्या मालकानं ते काढून पोत्यात बांधून दिले होते. पोतं वर्षभर तसंच राहिलं.

कागदपत्रं मात्र या क्रमाच्याही आधी. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. १९८६ ची गाडी म्हणजे २००१, २००६, २०११, २०१६ आणि २०२१. शेवटच्या मुदतीला आधीचा मालक इंजिन खोलून बसला होता, त्यामुळे नोंदणी संपलेली. अशी गाडी रस्त्यावर चालवता येत नाही, ‘कोपऱ्यापर्यंत ट्रायल’सुद्धा नाही. आम्ही सुरुवातीच्या चाचण्या एका ओळखीच्या गोदामाच्या आवारात घेतल्या आणि तपासणीला गाडी टोइंगच्या ट्रकवर नेली.

पंधरा वर्षांवरच्या मोटारीचं नूतनीकरण शुल्क एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झालं होतं. (ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींना ते १०,००० झालं, आमचं त्याआधी उरकलं.) शिवाय पर्यावरण कर, उशिराचा दंड आणि नाव बदलण्याचा खर्च. गाडीचा नंबर १९८९ च्या आधीचा, तीन अक्षरी. त्यामुळे संगणकात तिची नोंदच नव्हती. आधी बॅकलॉग एंट्री, म्हणजे जुनी नोंद संगणकात चढवून घ्यावी लागली, मगच पुढचे अर्ज भरता आले. जुनी गाडी घेणाऱ्यानं व्यवहाराच्या आधी मोबाइलवर नंबर टाकून पाहावा. माहिती निघाली नाही तर महिनाभर जास्तीचा धरावा.

भाच्याला कुणीतरी सांगितलं होतं की गाडी ‘व्हिंटेज’मध्ये टाक, कटकट मिटेल. २०२१ च्या नियमाप्रमाणे व्हिंटेज म्हणजे पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली आणि मूळ रूपात राहिलेली गाडी. ही त्यात २०३६ साली बसेल. आणि बसली तरी ‘व्हीए’ मालिकेचा नंबर घेतलेली गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यापुरतीच बाहेर काढता येते. ज्याला गाडीनं कामावर जायचंय त्यानं व्हिंटेजच्या नादी लागू नये.

तपासणीच्या आधी एक विचित्र पेच पडला. आरसी बुकात रंग क्रीम, गाडी प्रायमरमधली करडी. रंग जुळला पाहिजे. आणि खरं तर प्रायमरमध्ये गाडी चालवणं तसंही वाईटच. प्रायमर पाणी पितो. एक पावसाळा काढला की आतून पत्र्याला गंजाची बुरशी धरते. पण पूर्ण रंगकामाला पैसे नाहीत. शेवटी दोन रविवार लावून भाच्यानं आणि त्याच्या मित्रानं भाड्याचा कॉम्प्रेसर आणून स्वतःच क्रीम रंगाचे दोन हात मारले. उजेडात पाहिलं तर संत्र्याच्या सालीसारखं दिसतं, दरवाजांच्या आतली बाजू अजून करडीच आहे. पण पाणी आत जात नाही आणि आरसीशी जुळतं. ६,२०० रुपये गेले आणि ते वाया जाणार आहेत हे माहीत होतं, कारण खरा रंग मारताना हा सगळा घासून काढावा लागेल. तात्पुरतं म्हणून केलेल्या कामाचा असा हिशेब आधी मांडला की नंतर चुटपुट लागत नाही.

ब्रेक

आता मुख्य काम. आधीच्या मालकानं इंजिनावर चाळीस हजार घातले होते आणि ब्रेकला हात लावला नव्हता. हे नेहमीचंच आहे. इंजिनाचा आवाज मित्रांना ऐकवता येतो, चाकातला ब्रेक दाबणारा व्हील सिलिंडर कुणाला दाखवणार?

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. गाडी पाच-सात वर्षं उभी राहिली की ते पाणी खाली साचतं आणि सिलिंडरच्या आत बारीक खड्डे पडतात. मिस्त्री म्हणाला, ‘किट टाकू की, दोन-तीनशे रुपयांत काम.’ किट म्हणजे आतले रबरी वॉशर. मी सिलिंडर धुऊन, आत बोट फिरवून भाच्याला दाखवलं. बोटाला खरखर लागत होती. अशा सिलिंडरमध्ये नवं रबर टाकलं तर दोन-चार महिन्यांत खड्ड्यावर घासून फाटतं, आणि फाटतं ते नेमकं जोरात दाबल्यावर. पायडलशी जोडलेला मास्टर सिलिंडर आणि दोन व्हील सिलिंडर नवे मिळाले. बाकीच्यांचा माल कुठे सापडेना म्हणून ते कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगरात नेऊन आत स्टेनलेस स्टीलचं स्लीव्ह बसवून घेतलं. उद्यमनगरात लेथवर बसलेल्या माणसाला गाडीचं नावही सांगावं लागत नाही. तो भाग बघतो, व्हर्नियर लावतो आणि ‘परवा या’ म्हणतो.

तिन्ही रबरी होस बदलले. बाहेरून ते बरे दिसत होते, पण जुना होस आतून सुजतो. दाब जातो आणि परतच येत नाही, मग एक चाक घट्ट धरून राहतं. नळ्या पोलादी बंडी पाइपच्या टाकल्या. एकानं तांब्याची नळी वाकवायला सोपी म्हणून सुचवली होती. साधं तांबं कंपनानं कडक होऊन चिरतं, म्हणून नको म्हटलं. ड्रम लेथवर साफ करून घेतले, शूना नवे लायनर रिव्हेट केले. सगळे मिळून १२,८०० रुपये.

गोदामाच्या आवारात तीसच्या वेगानं ब्रेक मारला तर गाडी डावीकडे ओढायला लागली. ॲडजस्टमेंट दोनदा केली, फरक नाही. मागचा उजवा ड्रम उघडला तर नवा लायनर तेलानं भिजलेला. ॲक्सलचं ऑइल सील गळत होतं. त्या चाकाला ब्रेकच लागत नव्हता, म्हणून गाडी दुसरीकडे जात होती. सील पावणेदोनशेचं. लायनर पुन्हा नवा. तेल प्यायलेला लायनर पेट्रोलनं धुऊन वापरतात लोक. मी तसं करू दिलं नाही.

स्टेअरिंगमध्ये चांगला दोन बोटं प्ले, म्हणजे सैलपणा होता. पुढची चाकं ज्यांच्यावर वळतात त्या किंग पिनना ग्रीस जाईचना, कारण निपलच बुजलेली. टाय रॉडचे एंड बदलले, किंग पिन साफ केले, बॉक्स ॲडजस्ट केला, ४,६०० रुपये. टायरांवर नक्षी भरपूर होती म्हणून भाचा खुशीत होता. मी त्याला टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचायला लावले: २३११. २०११ सालातला तेविसावा आठवडा. बारा वर्षांचं रबर, बोटानं दाबलं तर दगड. चार नवे टायर, १४,००० रुपये. या खर्चानं त्याचा चेहरा उतरला, कारण टायर फोटोत दिसत नाहीत.

वायरिंगसाठी वायरमननं पूर्ण हार्नेसचे पैसे सांगितले. आम्ही फक्त कामापुरतं घेतलं: हेडलाइट रिलेवर, टेल आणि ब्रेक लाइट, इंडिकेटर, हॉर्न, वायपर. प्रत्येकाला स्वतंत्र फ्यूज, बॅटरीला पक्का क्लँप. रेडिओ, आतला दिवा, घड्याळ काही नाही. नव्या बॅटरीसकट ८,५००. पायाखालचा सडका पत्रा कापून वेल्ड केला. ही गाडी चासीवर बसवलेली नाही, पत्र्याचं शरीरच सांगाडा आहे, त्यामुळे फ्लोअर म्हणजे नुसती जमीन नव्हे. भंगारातल्या मारुती ८०० च्या दोन सीट आणून खाली पट्टी देऊन बोल्ट केल्या, आणि मूळ गाडीत नसलेले खांद्यावरचे पट्टे खांबाला आतून जाड प्लेट देऊन लावले. या सगळ्याचे ९,०००.

कागद आणि विमा १४,६००. त्यातला थर्ड पार्टी विमा १,००० ते १,५०० सीसीच्या गाडीचा, म्हणजे ३,४१६ रुपये आणि वर जीएसटी धरून ४,०३१. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा द्यायला कुणी उत्सुक नव्हतं आणि आम्हीही फार आग्रह धरला नाही. पीयूसीला इतक्या जुन्या चारचाकीला कार्बन मोनॉक्साइड ३ टक्क्यांपर्यंत चालतो. कार्बोरेटरचा स्क्रू अर्धा फेरा फिरवून ती आरामात बसली.

बेरीज ६९,७००. उरलेल्या तीनशेचं पेट्रोल टाकलं. एप्रिल २०२४ मध्ये मागची सीट, दरवाजांचे पॅड, छताचं कापड, बंपर, मागच्या काचांचं बीडिंग यांतलं काहीही नसलेली गाडी रीतसर रस्त्यावर आली.

यवतेश्वरचा घाट

पहिला आठवडा घरापासून दोन किलोमीटरच्या आत. दुसऱ्या आठवड्यात दहा. ओडोमीटर बंद, म्हणून अंतर मोबाइलवर. प्रत्येक फेरीनंतर वहीत नोंद: किती चालली, ऑइल किती, पाणी किती, कुठला आवाज नवा, उतरल्यावर कुठलं चाक जास्त गरम. ही चाकाला हात लावायची सवय मी एसटीतून आणलेली. चारांतलं एक चाक चटका देत असेल तर तिथला ब्रेक धरलाय किंवा बेअरिंग जातंय.

मग कासच्या रस्त्याला. साताऱ्यातून निघालं की यवतेश्वरचा घाट लागलीच सुरू होतो. गाडीची परीक्षा घ्यायला इतका हाताशी असलेला चढ फार थोड्या गावांना मिळाला असेल. पहिल्याच खेपेला वेगळ्या बसवलेल्या मीटरवर पाण्याचा काटा शंभरच्या दिशेनं निघाला. बाजूला लावून, जरा निवल्यावर रेडिएटरवरून हात फिरवला तर खालचा अर्धा भाग थंडगार. आतल्या नळ्या क्षारांनी बुजलेल्या. इंजिन नवं बांधणाऱ्यानं रेडिएटर जुनाच लावला होता. तो उतरवून, वरचं झाकण खोलून नळ्यांतून सळ्या फिरवून घेतल्या. २,२०० रुपये आणि काटा शांत. शेडमध्ये हे इंजिन दहा-दहा मिनिटं चालवून पाहिलं होतं. तिथे ते कधीच तापलं नव्हतं.

दुसऱ्या खेपेला गाडी घाटात मेली. आधी दोन झटके, मग दम तुटला, बंद. मेची दुपार. मी शेजारी बसलो होतो आणि एका क्षणात निदान केलं: व्हेपर लॉक. पेट्रोल पंप इंजिनाला चिकटून असतो, तो तापला की पेट्रोलची आतच वाफ होते आणि पंप हवा ढकलत बसतो. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल त्यात आणखी लवकर वाफाळतं. उपाय सगळ्या जुन्या ड्रायव्हरांना माहीत असलेला. फडकं ओलं करून पंपावर टाकलं, दहा मिनिटं थांबलो, स्टार्टर मारला, गाडी सुरू. मी भाच्याकडे पाहिलं. त्यानं वहीत लिहिलं, ‘व्हेपर लॉक. ओलं फडकं. मामा बरोबर.’

हे आणखी तीनदा झालं. तिन्ही वेळा ओलं फडकं, दहा मिनिटं, गाडी सुरू. आम्ही पंपाखाली उष्णता अडवायला ॲस्बेस्टॉससारखा जाड गॅस्केट टाकला, पेट्रोलच्या नळीला कापड गुंडाळलं. पावसाळ्यात गाडी जवळजवळ उभीच होती. काचेच्या रबरातून पाणी येत होतं म्हणून तेवढं काम त्या दिवसांत झालं. त्यामुळे आमचा समज पक्का राहिला.

डिसेंबरात, सकाळी साडेसहाला, कोरेगाव रस्त्यावर सपाटीला, भाच्याच्या हातांत थंडीनं मोजे होते, तेव्हा गाडी तशीच दोन झटके देऊन बंद पडली. त्यानं मला फोन केला. ‘मामा, बॉनेटवर दव आहे. वाफ कशाची झाली?’

मला उत्तर देता आलं नाही. त्यानं फडकं न टाकता नुसतं दहा मिनिटं थांबून पाहिलं. गाडी सुरू झाली.

म्हणजे मे महिन्यापासून गाडी सुरू करत होती ती ती दहा मिनिटं. फडक्याचा काही संबंध नव्हता. टाकी उतरवली तर आत गंजाचे पापुद्रे आणि जुन्या पेट्रोलची राळ. चालताना पंप ओढतो तसे ते पापुद्रे टाकीतल्या नळीच्या तोंडाशी जाऊन चिकटत होते आणि पेट्रोल अडत होतं. इंजिन बंद पडलं की ओढ थांबते, पापुद्रे आपोआप तळाला बसतात, तोंड मोकळं होतं. घाटात जास्त व्हायचं कारण चढावर इंजिन जास्त पेट्रोल मागतं. लक्षण व्हेपर लॉकचं, उपायानं बरंही वाटायचं, आणि रोग भलताच.

टाकी मीच सोडून दिली होती. ३८ लिटरची टाकी उतरवायला नको म्हणून बॅटरीनं आत उजेड टाकून ‘ठीक आहे’ म्हणालो होतो. आधी ठीकही असेल. वर्षानुवर्षं चिकटून बसलेली ती राळ इथेनॉलनं सोडवली. २०२४ मध्ये पंपावरच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल साधारण पंधरा टक्क्यांवर पोचलं होतं, पुढच्या वर्षी वीसवर गेलं. इथेनॉल हा चांगला सॉल्व्हंट आहे. त्यानं टाकी आतून धुतली आणि धुवण कार्बोरेटरला पाठवलं. एकतीस वर्षं डिझेलवर काढलेल्या माणसाच्या हे ध्यानात आलं नाही.

टाकीत नटबोल्ट आणि खडी घालून हलवली, तीनदा धुतली, वाळवली. एका रेडिएटरवाल्यानं एक बारीक भोक झाळून दिलं. १,८०० रुपये. नळीत शंभर रुपयांचा पारदर्शक फिल्टर टाकला. पहिले दोन फिल्टर काही आठवड्यांत विटकरी झाले, तिसरा स्वच्छ राहिला. हा फिल्टर पहिल्या दिवशी लावला असता तर मे महिन्यातच कळलं असतं.

त्याच वेळी पेट्रोलची रबरी नळी काढली तर ती बोटांत मऊ, सुजलेली, टोकाशी चिकट. जुन्या पद्धतीचं रबर इथेनॉलला टिकत नाही. ती गळत होती आणि खाली एक्झॉस्ट होता. सगळ्या नळ्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांना वापरतात तसल्या दर्जाच्या घेतल्या, पंपाचं डायफ्रॅम आणि कार्बोरेटरचं किट बदललं. ‘पेटता कामा नये’ असं मीच लिहिलं होतं. वहीतल्या त्या ओळीसमोर भाच्यानं तारीख घालून प्रश्नचिन्ह काढून ठेवलंय. ते अजून आहे.

इथेनॉलमुळे मिश्रण पातळही होतं, कारण त्याच्यात स्वतःचा ऑक्सिजन असतो आणि त्याला हवेच्या मानानं इंधन जास्त लागतं. प्लग काढून पाहिले तर पांढरेफटक. कार्बोरेटरमधलं पेट्रोल सोडणारं मेन जेट एक आकडा मोठं केलं, आता प्लग बिस्किटाच्या रंगाचे येतात आणि चढाला दमही बरा.

उतरताना मात्र भाचा पहिल्यापासून शहाणा निघाला. ज्या गियरमध्ये घाट चढला त्याच गियरमध्ये उतरायचा, ब्रेक टेकवून ठेवायचा नाही, दाबायचा आणि सोडायचा. ड्रम ब्रेक तापले की पायडल टणक लागतं पण गाडी थांबत नाही. हे त्याला एकदाच, मोकळ्या रस्त्यावर, मुद्दाम करून दाखवलं होतं.

आजची स्थिती

आतापर्यंत ६,४०० किलोमीटर झाले. सर्वांत लांबची फेरी कोल्हापूरची, जाऊन-येऊन अडीचशेच्या आत. महामार्गावर पंचावन्न ते साठ, डावी लेन, मागे त्रिकोण. महिन्याच्या पाच हजारांतून मागची सीट झाली, एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर प्लेट) झाली, एका बाजूचं दाराचं पॅड झालं. मागच्या दिवाळीत बंपरचं पोतं उघडलं. क्रोमचे पापुद्रे निघालेत, त्यामुळे ते पुन्हा बांधून ठेवलं.

गियर मधेच अडकतो. खांबावरून खाली येणाऱ्या दांड्यांचे बुश झिजलेत. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना दोन्हींच्या मधे धरला की बॉनेट उघडून हातानं ओढावा लागतो. भाचा सिग्नलला उतरून ते अर्ध्या मिनिटात करतो आणि मागच्याला हात दाखवतो. बुश साताऱ्यात मिळेनात. कुर्ल्याला सीएसटी रोडच्या भंगारवाल्यांकडे एकानं बघून ठेवलेत म्हणे. ज्या उपनगरात या गाड्या बनल्या तिथेच त्या तोडल्या जातात, आणि अजून धावणाऱ्यांना भाग पुरवतात.

मोठं काम सिल्सचं. दारांखालच्या त्या पेट्या वरून छान दिसतात, पण चुंबक चिकटत नाही. सगळी लांबी आहे. चालवून चालवून डाव्या दारामागे एक बारीक भेग आलीय, दर महिन्याला मी तिच्या टोकाला पेन्सिलीनं खूण करतो. तीन महिन्यांत ती चार मिलिमीटर पुढे सरकली. गॅरेजनं अठरा हजार सांगितले, जमलेत अकरा. तोवर मागे कुणी बसायचं नाही, खड्ड्याचा रस्ता टाळायचा, आणि जॅक सिलला न लावता ॲक्सलखाली लावायचा. मेअखेर पैसे पुरे झाले नाहीत, किंवा भेग खांबापर्यंत पोचली, तर गाडी विटांवर जाईल, असं आम्ही दोघांनी वहीत लिहून सह्या केल्यात.